लुसाकातील अकरा दिवस आणि करिबाची भिंत

सोमवार, 14 ऑक्टोबर 2024

झांबियाच्या या राजधानीत येऊन आज मला पाच आठवडे झाले. पुण्याजवळच्या ज्या कारखान्यात मी विद्युत अभियंता आहे, तेथे तयार झालेली नियंत्रण पॅनेले येथील मक्याच्या एका गिरणीत बसवायची, चालू करून दाखवायची आणि गिरणीच्या माणसांच्या हाती सोपवायची, एवढे माझे काम असून त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. रोज थोडे लिहायचे असे निघताना ठरवले होते, पण ते जमले नाही. या आठवड्यात कोजागरी, शुक्रवारची राष्ट्रीय प्रार्थना दिनाची सुटी आणि झांबेझी नदीवरच्या करिबा धरणाकडे जाण्याचा बेत असे सगळे एकत्र आल्यामुळे आज वही उघडली आहे.

माझे बिऱ्हाड चिलेंजे या जुन्या वस्तीत, एका निवृत्त परिचारिकेच्या घरामागील दोन खोल्यांत आहे. येथे वडीलधाऱ्या स्त्रीला न्यांजा भाषेत 'अमाई' म्हणतात आणि आपल्या 'आई'शी जुळणारा हा शब्द माझ्या तोंडी पहिल्याच दिवशी बसला. आमच्या भागात वीज येते ती बहुधा मध्यरात्रीनंतर, तीन-चार तास. त्यामुळे येथील दिवस खऱ्या अर्थाने रात्री 1 वाजता सुरू होतो. विंधनविहिरीचा पंप लावून उंचावरची टाकी भरणे, दोन दिवसांची डाळ कुकरला लावणे, सदऱ्यांना इस्त्री करणे, फोन, लॅपटॉप आणि दिव्याची बॅटरी चार्जिंगला लावणे ही सारी कामे त्या वेळात उरकावी लागतात आणि मग पहाटे जी झोप लागते ती सकाळच्या उन्हाने मोडते. ऑक्टोबर हा येथला सर्वांत तापता महिना आहे. लुसाका समुद्रसपाटीपासून साधारण 1280 मीटरवर असूनही दुपारी पारा पस्तिशीपार जातो. रस्त्याकडेचे जॅकरंडा मात्र या उन्हातही जांभळ्या फुलांनी लगडलेले आहेत.

ही अडचण कोणाच्या हलगर्जीपणातून आलेली नाही, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. झांबियाची 80 टक्क्यांहून अधिक वीज पाण्यापासून तयार होते आणि 2023-24 च्या पावसाळ्यात एल निनोमुळे आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडील या पट्ट्यात पाऊस फार कमी झाला. 29 फेब्रुवारी 2024 रोजी राष्ट्राध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा यांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचे जाहीर केले. शेतातला मका करपला आणि करिबाचा जलाशयही उतरला. एकाच पावसाने घरातली भाकरी आणि घरातला दिवा दोन्ही नेले. मी ज्या गिरणीत काम करतो, तेथे या दोन्ही गोष्टी रोज एकाच छपराखाली समोर येतात.

मंगळवार, 15 ऑक्टोबर

सकाळी 7 वाजता निळ्या मिनीबसने औद्योगिक भागात पोहोचलो. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, पण त्या थांब्यावर ओळखी होतात आणि 'मुली ब्वांजी?' म्हणजे 'कसे आहात?' असे विचारल्याशिवाय येथे कोणीही कामाचे बोलणे काढत नाही. आपल्याकडे दुकानात शिरताच भाव विचारण्याची माझी सवय येथे पाच आठवड्यांत मोडली, हे चांगलेच झाले.

गिरणीत दोन प्रतींचे पीठ निघते. 'ब्रेकफास्ट' नावाचे पीठ पांढरेशुभ्र व बारीक असते. 'रोलर' थोडे भरड, कोंड्याचा अंश राहिलेले आणि स्वस्त असते. 25 किलोची पिशवी हे येथल्या कुटुंबाच्या खर्चाचे माप आहे आणि पिशवीचा भाव वाढला की गिरणीच्या दारातल्या रांगेतली माणसे रोलरकडे वळतात. या वर्षी हे वळणे मी माझ्या डोळ्यांनी पाहतो आहे.

माझे काम असे आहे. वीज अनेक तासांनी परत येते, तेव्हा त्या भागातले सगळे पंप, शीतकपाटे, गीझर आणि कारखान्यांच्या मोटारी एकाच क्षणी वीज ओढू लागतात. व्होल्टेज खाली बसते, मोटारी जास्त प्रवाह घेतात, तापतात आणि काही वेळा जळतात. म्हणून वीज आली तरी आमचे पॅनेल लगेच काही सुरू करत नाही. ते व्होल्टेज स्थिर होण्याची वाट पाहते, मग आधी सफाईचे यंत्र, नंतर उचलपट्टा आणि शेवटी दळणाच्या रोलरच्या मोठ्या मोटारी, अशा टप्प्याने जोडते. वीज गेली तर तोच क्रम उलटा होतो आणि छपरावरचे सौर संच व डिझेल जनरेटर यांत भार वाटला जातो. आज दिवसभर तिसऱ्या टप्प्याचा रिले, म्हणजे वीज जोडणारा स्वयंचलित खटका, वेळेआधी ओढत होता. संध्याकाळी सैल राहिलेली एक तार सापडली, ती मीच बसवलेली होती. गिरणीच्या वीजतंत्र्याने ती पुन्हा आवळली आणि काही न बोलता माझ्यासमोर भुईमुगाच्या शेंगांची पुडी ठेवली.

बुधवार, 16 ऑक्टोबर : कोजागरी

संध्याकाळी 5 वाजता आईचा कऱ्हाडहून फोन आला. तिकडे साडेआठ वाजले होते, गच्चीवर दूध आटत होते आणि चंद्र वर आला होता. येथे तो उगवायचा होता. "तिथे दूध मिळतं ना रे?" असे तिने विचारले, तेव्हा मी कोजागरी करायचे ठरवले.

अमाईंच्या अंगणात 'म्बाउला' आहे. म्बाउला म्हणजे पत्र्याला भोके पाडून केलेली कोळशाची शेगडी. कोळशाला येथे 'मालाशा' म्हणतात. वीज गेल्यापासून शहराचा सगळा स्वयंपाक मालाशावर आला आहे. गवताने तोंड बांधलेली कोळशाची उंच पोती सायकलींवर लादून माणसे पहाटे शहरात येतात आणि त्यामागे किती झाडे उभी तुटत असतील, हा विचार ती सायकल दिसली की दर वेळी मनात येतोच.

आधी अमाईंचा न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, व्हायचा होता. तो कसा करतात हे आज मी शेजारी पाटावर बसून नीट पाहिले. पातेल्यात पाणी कोमट झाले की त्यात मूठ-दोन मूठ पीठ कालवतात आणि पातळ पेज होऊ देतात. पेज रटरटू लागली की झाकण ठेवून तिला शिजू देतात. त्यानंतर एका हाताने पीठ भुरभुरत दुसऱ्या हाताने 'म्विको' या लाकडी उलथन्याने ती हाटत राहतात. आपल्याकडे पिठले हाटताना गुठळी धरू नये म्हणून जी लगबग असते तीच येथे होती, पण गोळा घट्ट होत जातो तसे खांद्यापासून जोर लावावा लागतो. मी म्विको घेतला आणि दहा-बारा फेऱ्यांतच माझा दंड भरून आला. अमाईंनी तो हसत परत घेतला आणि पातेले दोन पायांत धरून शेवटचे हाटणे पुरे केले. सोबत भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला होता. जेवणाआधी त्यांच्या नातीने तांब्याने आमच्या हातांवर पाणी घातले, आधी वयाने मोठ्यांच्या आणि मग माझ्या. न्शिमाचा लहान गोळा उजव्या हातात वळून, अंगठ्याने खळगा करून, त्यात भाजी धरून खायची. भाकरीच्या तुकड्याने भाजी उचलणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

मग त्याच निखाऱ्यांवर दूध ठेवले. घरून आणलेले केशर, वेलदोडा आणि जायफळ घातले. दूध आटायला पाऊण तास लागला, तोवर चंद्र आंब्याच्या झाडावर आला. वस्तीत कोठेही दिवा नव्हता, त्यामुळे चांदणे इतके स्वच्छ पडले होते की अंगणातल्या खड्यांच्या सावल्या दिसत होत्या. अमाईंना मी चंद्रावरचा ससा दाखवायला गेलो आणि मला तो सापडेना. नंतर लक्षात आले, की विषुववृत्ताच्या दक्षिणेला आल्यामुळे चंद्रबिंब आपल्याला उलटे दिसते आणि ससा डोके खाली करून बसलेला आहे. नातीने मान वाकडी करून तो शोधला. "को जागर्ति, कोण जागे आहे, असे विचारत लक्ष्मी आज फिरते," असे मी सांगितले, तेव्हा अमाई म्हणाल्या, "मग तिला लुसाकात यायला हरकत नाही. आम्ही रोजच 1 वाजता जागे असतो."

गुरुवार, 17 ऑक्टोबर

गिरणीत दिवसभर नोंदी भरल्या. प्रवासासाठी कामवालातून, म्हणजे गुजराती व्यापाऱ्यांची जुनी दुकाने असलेल्या पेठेतून, चुरमुरे आणि फरसाण घेतले. एक क्वाचा म्हणजे सध्या साधारण तीन रुपये. क्वाचा या शब्दाचा अर्थ पहाट असा आहे, हे दुकानदाराने मोड देताना सांगितले. स्वातंत्र्याच्या लढ्यात हीच घोषणा होती.

शुक्रवार, 18 ऑक्टोबर

गिरणीचा चालक टोंगा समाजाचा आहे आणि त्याचे घर लुसितूला, म्हणजे धरणाजवळच्या सियावोंगा गावाच्या वाटेवरच आहे. तो सुटीत घरी जाणारच होता, म्हणून डिझेलचा खर्च मी करायचा असे ठरवून आम्ही पहाटे 5 वाजता निघालो. सियावोंगा लुसाकापासून सुमारे 200 किलोमीटर आहे. काफुए नदीच्या पुलापर्यंत रस्ता सपाट आहे. या नदीवरच्या घळईतही दोन मोठी वीजघरे आहेत, पण या वर्षी त्यांनाही पाण्याची चणचण आहे. पुढे चिरुंडूच्या सरहद्दीकडून येणाऱ्या मालट्रकांची रांग लागते आणि रस्ता पठारावरून झांबेझीच्या खोऱ्यात उतरू लागतो. हा उतार पाहताना मला कुंभार्ली घाटाची आठवण झाली, फक्त येथे हिरवे काही नव्हते. पाने झडलेली मोपाने झाडे आणि त्यांच्यामध्ये राखी खोडाचे प्रचंड बाओबाब उभे होते. खाली उतरताच हवा भट्टीसारखी झाली.

वाटेत डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा दोन वेळा रस्ता ओलांडून गेल्या. या 330 किलोव्होल्टच्या वाहिन्या करिबाहून लुसाकाजवळच्या लेपर्ड्स हिल उपकेंद्राकडे जातात. त्यांच्याखालच्या वस्त्यांतल्या झोपड्यांकडे जाणारा एकही खांब मला दिसला नाही. चालकाने माझी नजर ओळखली असावी. "बा इंजिनिअर," तो म्हणाला, "ही वीज आमच्या गावावरून जाते, पण उतरत नाही." 'बा' हा येथे नावाआधी लावायचा आदराचा शब्द आहे.

दुपारी सियावोंगात पोहोचलो. पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते पाणी नव्हे, तर पाणी जेथे असायला हवे होते तेथील उघडा, फिकट खडक. त्या पट्ट्याच्या खाली निळे पाणी क्षितिजापर्यंत पसरले होते. साडेपाच हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेल्या या जलाशयात पूर्ण भरल्यावर सुमारे 180 घनकिलोमीटर पाणी मावते आणि साठवणीच्या मापाने मानवनिर्मित जलाशयांत तो जगात सर्वांत मोठा गणला जातो. कोयनेचे शिवसागर याच्या साठाव्या भागाएवढे असेल.

मला रात्रीची उत्सुकता होती. कापेंता ही बोटाएवढी चंदेरी मासळी येथे रात्री पाण्यावर दिवे सोडून पकडतात. 1960 च्या दशकात ती टांगानिका सरोवरातून आणून येथे सोडली गेली. रात्री शेकडो दिव्यांनी जलाशय उजळतो असे मी ऐकले होते. सूर्य मावळला, चंद्र वर आला, पण पाण्यावर एकही दिवा लागला नाही. तराफे किनाऱ्याला बांधलेले होते. जाळी दुरुस्त करणाऱ्या एका कोळ्याने कारण सांगितले: पौर्णिमेच्या आसपास चांदण्यामुळे मासे दिव्याकडे येत नाहीत, म्हणून ते दिवस सुटीचे. ज्या चांदण्याने परवा आमचे अंगण उजळले, त्यानेच येथले दिवे विझवले होते. कोळ्याकडून वाळवलेला कापेंता घेतला. त्याचा वास थेट आपल्या सुकटीचा आहे.

शनिवार, 19 ऑक्टोबर : भिंतीवर

करिबाच्या भिंतीच्या मधून झांबिया आणि झिंबाब्वेची सरहद्द जाते. चौकीवर पासपोर्ट ठेवून घेतात, तात्पुरता परवाना देतात आणि मग भिंतीवर चालत जाता येते. भिंत 128 मीटर उंच आहे आणि तिचा वरचा काठ 600 मीटरहून अधिक लांब आहे. ती नुसती वजनाने उभी नाही. दोन्ही दिशांनी बाक दिलेली ही काँक्रीटची कमान पाण्याचा रेटा दोन्ही काठांच्या खडकांत सोपवते. आंद्रे कॉयन या फ्रेंच अभियंत्याने तिचा आराखडा केला, इटालियन कंत्राटदारांनी ती बांधली आणि 17 मे 1960 रोजी तिचे उद्घाटन झाले. बांधकामात 86 माणसे गेली. पलीकडच्या काठावरील सांता बार्बराच्या चर्चमध्ये त्यांच्या नावांची नोंद आहे.

भिंतीच्या मध्यावर उभा राहून मी दोन्हीकडे पाहिले. एका बाजूला खोल घळईत झांबेझीची हिरवी धार होती. दुसऱ्या बाजूला पाणी होते आणि पाण्याच्या वर काठांवर तो फिकट पट्टा, जणू भांड्यातले दूध आटून कडेला राहिलेली साय. वीजनिर्मितीसाठी जलाशयाची पातळी 475.5 ते 488.5 मीटर यांच्यामध्ये वापरता येते. 475.5 च्या खाली गेल्यावर पाणी असूनही यंत्रांना ते घेता येत नाही. आज पातळी त्या खालच्या रेषेच्या थोडीच वर उरली होती. म्हणजे माझ्यासमोर क्षितिजापर्यंत जे पाणी दिसत होते त्यातले जवळजवळ सगळे विजेच्या दृष्टीने हिशेबाबाहेरचे होते. हे मला आकड्यांत ठाऊक होते, पण त्या भिंतीवर उभे राहून ते पचवायला वेळ लागला.

कोयनेची वीजक्षमता 1960 मेगावॅट आहे आणि करिबाच्या दोन्ही काठांची मिळून 2100 च्या वर जाते. साठ पट पाणी आणि वीज जवळपास तेवढीच, याचे एक कारण उंचीत आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून चारशे मीटरहून अधिक खाली कोकणात पडते; करिबाचे पाणी शंभर मीटरच्या आसपासच पडते, म्हणून तेवढ्याच विजेसाठी त्याला कितीतरी अधिक पाणी लागते. कोयना एका चांगल्या पावसाळ्यात भरते. करिबाला मात्र वरच्या झांबेझीच्या दूरच्या खोऱ्यातील पुराची वाट पाहावी लागते आणि तो येथे पोहोचतो फेब्रुवारीनंतर. लुसाकात नोव्हेंबरमध्ये पहिला पाऊस पडला, तरी माझ्या गिरणीची वीज लगेच परतणार नाही.

दोन्ही धरणांत आणखी एक दुवा आहे आणि भूकंपशास्त्र शिकणाऱ्यांना तो ठाऊक असतो. जलाशयाच्या भाराने व मुरणाऱ्या पाण्याने जमीन हादरते याची जी उदाहरणे जगभर दिली जातात, त्यांत करिबाचा सप्टेंबर 1963 मधील आणि कोयनेचा 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप ही दोन्ही असतात. आमच्या घरात त्या पहाटेची गोष्ट आजी सांगत असे. त्या वेळी आमचे घर कोयनेच्या खोऱ्यात राहिले नव्हते, पण ओळखीची माणसे तेथे होती.

टोंगा लोक झांबेझीत न्यामिन्यामी नावाचा देव मानतात, सर्पाच्या अंगाचा आणि माशाच्या तोंडाचा. 1957 आणि 1958 असे लागोपाठ दोन वर्षे असाधारण पूर येऊन बांधकाम वाहून गेले, तेव्हा तो देव भिंतीवर रागावला आहे असे लोक म्हणाले. चौकीजवळ त्याच्या आकाराच्या कोरीव काठ्या विकायला होत्या. मी एक घेतली.

रविवार, 20 ऑक्टोबर : लुसितू

धरणासाठी दोन्ही काठांवरून सुमारे 57,000 टोंगा माणसे हलवली गेली. झांबियाच्या बाजूच्या चिपेपो भागातल्या काही गावांनी जाण्यास नकार दिला. सप्टेंबर 1958 मध्ये पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आठ जण मारले गेले आणि उरलेल्यांना ट्रकांत घालून धरणाच्या खाली लुसितूला आणण्यात आले. त्याच सुमारास जलाशयात अडकलेले वन्य प्राणी होड्यांतून वाचवण्याची मोहीम जगभर गाजली. ती मोहीम चांगलीच होती. पण माणसांबद्दल त्या काळी इतके बोलले गेले नाही, याचे मला वाईट वाटते आणि ते येथे लिहून ठेवतो.

चालकाची आजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. आम्ही पोहोचलो तेव्हा ती बाओबाबच्या सावलीत चटईवर बसून ज्वारी निवडत होती. 'म्वाबुका बुती' हे टोंगा भाषेतले अभिवादन मी वाटेत पाठ केले होते. ते ऐकून तिने दोन्ही हात एकमेकांवर हळूच थोपटले. येथे हाच नमस्कार. पुढचे सगळे बोलणे चालकाने मध्ये बसून पोहोचवले.

तिला ट्रक आठवत होता, कारण त्याआधी तिने ट्रक पाहिलाच नव्हता. आईने डोक्यावरचे मडके सोडले नाही आणि ते वाटेत फुटले, हे आठवत होते. नदीकाठी गाळाच्या जमिनीत वर्षातून दोन पिके निघत आणि येथे पहिल्या वर्षी पोरे एकामागून एक आजारी पडून गेली, हे तिने निवडणे न थांबवता सांगितले. गावातल्या पावसाच्या देवस्थानाविषयी बोलताना मात्र तिचे हात थांबले. "ते पाण्यातच राहिले," ती म्हणाली. "देवस्थान ट्रकमध्ये घालता येत नाही."

तेव्हा मी तिला सांगितले, की आमचे गावही एका धरणात आहे. माझ्या आजोबांचे घर, खाचरे आणि देऊळ कोयनेच्या पाण्याखाली गेले आणि आमच्या भावकीतली माणसे सांगलीकडे, सोलापुराकडे आणि रायगडाकडे पांगली. तिने चालकाला दोन वेळा विचारून खात्री करून घेतली, की हा माणूस विटांच्या शहरातून आला असला तरी खरेच असे झाले आहे. मग तिने मला विचारले, "तुमच्या पाण्याखालच्या देवाचे नाव काय?"

मला ते सांगता आले नाही. गावाचे नाव ठाऊक होते, देवाचे नव्हते. मी आईला विचारून कळवतो असे म्हणालो आणि माझाच चेहरा उतरला.

कोयनेच्या विस्थापितांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली होती आणि ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. टोंगांच्या बाबतीत एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर यांनी 1956 मध्ये, म्हणजे लोक हलवले जाण्याच्या आधीच, अभ्यास सुरू केला आणि तो अनेक दशके चालवला. हे मी कॉलेजात असताना कोठेतरी वाचले होते आणि विसरलो होतो. निघताना आजीने भुईमुगाच्या शेंगा रुमालात बांधून दिल्या. तिच्या झोपडीत वीज नाही. एक लहान सौर दिवा छपरावर उन्हात ठेवलेला होता.

सोमवार, 21 आणि मंगळवार, 22 ऑक्टोबर

दोन्ही दिवस गिरणीतच गेले. सोमवारी संध्याकाळी आईला फोन केला. तिलाही एकदम आठवेना. "थांब, आक्काला विचारते," असे म्हणून तिने फोन ठेवला. आक्का म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, आता नव्वदीच्या घरातली. मंगळवारी आईचा निरोप आला: गावाच्या वरच्या अंगाला वाघजाईचे ठाणे होते, तांदळा होता, मूर्ती नव्हती, आणि उन्हाळ्यात पाणी फार उतरले की देवळाचा चौथरा उघडा पडतो, तेव्हा जवळपास राहणारी माणसे होडीतून जाऊन नारळ फोडून येतात. आक्का स्वतः दोन वेळा गेली होती. मला हे कोणी सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते.

बुधवार, 23 ऑक्टोबर

रात्री 11 वाजता वीज येण्याची वेळ होती, म्हणून आम्ही सगळे गिरणीतच थांबलो. 11 वाजून 20 मिनिटांनी वीज आली. पॅनेलवरचा आकडा 340 व्होल्टवर थरथरत राहिला, मग 365 झाला, मग 390 वर स्थिरावला. रिलेने नव्वद सेकंद मोजले. आधी सफाईचे यंत्र घरघरले, मग उचलपट्टा आणि शेवटी चारही रोलर एकेक करून सुरू झाले. व्होल्टेज एकदाही 375 च्या खाली गेले नाही. वीजतंत्र्याने मला मिठी मारली. पहिले पीठ नळातून पडले तेव्हा ते गरम होते. मुकादमाने चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवले.

गुरुवार, 24 ऑक्टोबर

आज झांबियाच्या स्वातंत्र्याला 60 वर्षे पूर्ण झाली. अमाईंनी हिरव्या रंगाचा चितेंगे, म्हणजे कमरेला गुंडाळायचे छापील कापड, नेसला होता. 1964 मध्ये त्या सात वर्षांच्या होत्या आणि मध्यरात्री झेंडा वर चढला तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसून पाहत होत्या, असे त्यांनी सांगितले. दुपारी कापेंता कांदा-टोमॅटोत परतला. मी त्यात घरून आणलेला मसाला घातला आणि अमाईंनी तो पुन्हा मागून घेतला.

चालक सुटीसाठी पुन्हा लुसितूला गेला होता. वाघजाईचे नाव मी त्याला देवनागरीत आणि त्याला वाचता येईल अशा अक्षरांतही एका कागदावर लिहून दिले होते, चौथऱ्याची गोष्टही सांगितली होती. संध्याकाळी 4 वाजता त्याचा फोन आला. आजी शेजारी बसली होती. त्याने नाव वाचून दाखवले, तिने ते परत म्हणून पाहिले, 'वागाजाई', आणि तो सुधारायला गेला तर त्याला थांबवून तिने स्वतःच पुन्हा म्हटले. मग तिने काही विचारले. होडीतून जाताना त्या बायका गातात का, असा तिचा प्रश्न होता. मी आक्काला विचारून सांगतो असे म्हणत होतो तोच फोन तुटला. तिकडच्या टॉवरची बॅटरी संपली असावी. कऱ्हाडला तेव्हा साडेसात वाजले होते. आक्का अजून झोपली नसेल, म्हणून मी आईचा नंबर लावला.